काळ्या वल्ह्याचं डावं पातं

१

आशामावशीकडे मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणजे सकाळी आंबे, दुपारी झोप आणि संध्याकाळी तलावाच्या पाळीवर हवा खाणं, एवढाच कार्यक्रम असतो. सिंदेवाहीजवळच्या त्या गावात मी तो दरवर्षी मन लावून पार पाडतो. यंदा मात्र सोमवारी सकाळी पहिला चहा ओठाला लागतो न लागतो तोच मागच्या टिनाच्या शेडमधून प्रफुलची हाक आली आणि माझी सुट्टी तिथंच संपली.

"पुनमताई, लवकर ये. वल्ह्याचा सत्यानाश केला कोनंतरी."

पुनम म्हणजे माझी बायको, आणि प्रफुल तिचा मावसभाऊ, आशामावशीचा मुलगा. पुनम विमा कंपन्यांसाठी पाहणी करते. जळालेला ट्रॅक्टर, कोसळलेलं गोदाम, फुटलेला बॉयलर बघायचा आणि तो सांगतात तसाच बिघडला की वेगळ्या कशानं, ते शोधून काढायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. मी वरोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण घरात विज्ञान चालतं ते तिचंच. ती अनवाणी धावली. मी कप हातात घेऊनच मागं गेलो.

त्या शेडमध्ये प्रफुल आणि त्याचा बालमित्र निकेश गुरनुले यांचा छोटा कारखाना आहे. प्रफुल संगणकावर आकार काढतो आणि प्रिंटरमधून प्लास्टिकचा गाभा छापून घेतो. निकेश त्या गाभ्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं काळं कार्बनचं कापड हातानं बसवतो. गाभा आकार देतो, कापड ताकद देतं, आणि गाभा कायमचा आतच राहतो. साचा करायची भानगड नाही, म्हणून एका माणसासाठी त्याच्या मापाची एकच वस्तू करता येते. हे वल्हं असंच एका माणसासाठी केलेलं होतं.

ती हर्षा मारबते, गावच्या ढीवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली. लहानपणी ट्रॅक्टरखाली तिचा एक पाय गुडघ्यापासून गेला, पण होडीत बसली की तिला पकडणं मुश्कील. बुधवारी सकाळी ती भोपाळला निघणार होती, दिव्यांग खेळाडूंच्या होडी-शर्यतीच्या निवडीसाठी. निवड झाली तर तिथल्या सराव केंद्रात जागा मिळणार होती. मागच्या वर्षी जड लाकडी वल्ह्यानं ती अगदी थोडक्यात हुकली होती, आणि म्हणून सगळ्या गावाचे डोळे या काळ्या वल्ह्याकडे लागले होते.

प्रफुलनं रॅकवरून काढून उलगडलेलं ते वल्हं टेबलावर पडलेलं होतं. लांब दांडा, दोन्ही टोकांना पाती. उजवं पातं ताठ होतं. डावं पातं मानेपासून लुळं पडून खाली झुकलेलं, आणि तशा झुकलेल्या आकारातच घट्ट झालेलं.

"हे निकेशचं काम हाय," प्रफुल म्हणाला. "काल मी चंद्रपूरले गेल्तो, वल्ह्याचं कव्हर आनाले. शेडात तो एकलाच होता. त्याले नागपूरच्या ड्रोन कंपनीनं बोलावलं, त्याच्यावरून शनिवारी आमचं वाजलं. जाता जाता माह्या तोंडाले काळं फासून चालला."

"त्याले बोलला का तू हे?" पुनमनं विचारलं.

"फोनवर सगळंच बोललो. आजपासून तुह्या-माह्या संबंध नाई म्हून सांगतलं."

पुनमनं कपाळाला हात लावला. गाभा प्रफुल पुन्हा छापू शकत होता. कार्बनचं कापड सुरकुती न पडू देता बसवणारे हात मात्र साऱ्या तालुक्यात निकेशचेच होते, आणि ते हात या क्षणी नागपूरला जायची बॅग भरत होते.

२

पुनमनं सगळ्यांना बाहेर काढलं. मला आत ठेवलं, कारण तिला बोलायला कोणीतरी लागतं. मग तिनं वल्ह्याला हात न लावता दोनदा त्याच्याभोवती फेरी मारली, आणि तिसऱ्या फेरीत खाली वाकून त्याचा वास घेतला.

"अहो, वास घ्या बरं."

मी घेतला. काहीतरी तेलकट, उग्र, ओळखीचं. पण नाव आठवेना.

"दोन्ही पात्यांले हाय," ती म्हणाली. "पात्याच्या कडा आन मान, तेवढीच चोळली हाय. मधातलं अंग कोरडं. बाकी दांड्यावर तेलाचा हात फिरला हाय आन त्याच्यावर धूळ बसली. पन दांड्याच्या या दोन जागा पाहा."

दांड्यावर, दोन्ही पात्यांपासून सारख्या अंतरावर, दोन स्वच्छ पट्टे होते. तिथं धूळ नव्हती. दांडा कशावर तरी दोन ठिकाणी टेकून बराच वेळ पडला असणार.

"ठोकल्याची खूण?" मी विचारलं.

"एक बी नाई. कापड फाटलं नाई, तडा नाई. हे मऊ पडून झुकलं. म्हंजे गर्मी." तिनं डाव्या पात्याच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं आणि थांबली. "इथी काय हाय हे?"

पात्याच्या पोटाला चार-पाच उथळ खळगे होते, एका ओळीत. माझा अंगठा त्यात आरामात बसला, वर जागा उरली. पुनमचा अंगठा तर त्यात हरवूनच गेला. ती बराच वेळ त्या खळग्यांकडे बघत राहिली, आणि काय वाटलं ते मला काही सांगेना.

दाराबाहेरून प्रफुल म्हणाला, "ताई, कोपऱ्यात गरम हवेची बंदूक हाय, ते फक्त निकेश वापरते. एकाच पात्यावर धरली असन. नाई तं एकच पातं कसं वाकन?"

मला हे पटलं. भिंतीला चंद्रपूरहून आलेली पिशवी टेकवलेली होती. तिच्यात वल्ह्याचं कव्हर होतं आणि प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचं एक नवंकोरं सीलबंद रीळ. पुनमनं रीळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत ठेवलं.

"अहो, स्कूटर काढा," ती म्हणाली. "निकेश दुपारच्या गाडीनं चालला, आन मले त्याले एकच गोष्ट इचाराची हाय."

३

निकेशच्या अंगणात बॅग भरून तयार होती. त्यानं पुनमला खुर्ची दिली, मला पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. राग त्याच्या कानापर्यंत चढलेला दिसत होता, तरी बोलणं अदबीचं.

"ताई, प्रफुलनं तुमाले पाठवलं असन तं मी बोलत नाई. तुमी सोता आल्या असान तं इचारा."

"मी सोता आली. काल तू काय केलं?"

"सकाळी पाती घासली, दांड्याले बसवली, शेवटचा हात फिरवला. मंग वल्हं फडक्यात गुंडाळून रॅकवर ठेवलं. जेवाले घरी आलो आन झोपलो. या उन्हात दुपारी कोन जागं राह्यते? संध्याकाळी लग्नाले गेलो."

"शेडाले कुलूप?"

"कडी. कुलूप आमी कधीच नाई लावत. गावात कोन कोनाचं नेते?"

मी मधेच तोंड घातलं. "ती गरम हवेची बंदूक..."

निकेश माझ्याकडे बघून कसनुसा हसला. "भाऊजी, ते लावली असती तं रेझिन पिवळं पडलं असतं, फोड आले असते. हाय का एक तरी फोड?" नव्हता, आणि ते पुनमनं आधीच पाहिलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं. "आन मले बिघडवाचंच असतं तं मी असा गावठी कारभार करीन का? मानेपाशी कापडाखाली एक हवेचा फुगा सोडला असता. वरून चकाचक. भोपाळच्या पाण्यात दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याले कडकन गेलं असतं, आन कोनाच्या बापालेबी पत्ता लागला नसता."

हे ऐकून मी एकदम गार झालो. खरंच, ज्याला इतकं येतं तो पातं असं उघड उघड वाकवून कशाला ठेवेल?

"गाभा कायचा होता?" पुनमनं विचारलं. हाच तिचा एक प्रश्न होता.

"हेल्मेट ज्याचं करतेत त्या चिवट प्लास्टिकचा. मक्यापासून करतेत ते साधं छापाले सोपं राह्यते, पन उन्हात त्याचा भरोसा नाई. मी पयल्याच दिवशी प्रफुलले सांगतलं. पयला गाभा छापताना तं मी प्रिंटरपाशीच बसून होतो. पांढरेशुभ्र दोन्ही गाभे, एकावानी एक." त्यानं बॅगेची चेन ओढली. "ताई, लहानपनापासून आमी एका ताटात जेवलो. फोनवर तो जे बोलला ना, ते मी कापडाखाली नाई दाबू शकत. एक वाजता बस हाय."

४

परत येईपर्यंत ऊन असं तापलं होतं की स्कूटरचा आरसा हातानं हलवता येईना. ओसरीत आशामावशी पाय पसरून बसली होती आणि गुडघ्याला तेल चोळत होती. मी जवळून गेलो आणि जागच्या जागी थांबलो. तोच वास.

"मावशी, हे कोणतं तेल?"

"टोरीचं. मोहाच्या फळाच्या बिया राह्यतेत ना, त्याचं. गुडघ्याले बेस हाय, जवाईबापू. देऊ का?"

माझ्या डोक्यात भराभर दिवे लागले. अंगणात शिडी होती. मी चपला काढून तरातरा वर चढलो, आणि पाय भाजून त्याच वेगानं खाली आलो, पण जे बघायचं ते बघून. पत्र्यावर जुन्या धोतरावर कुरड्या वाळत होत्या, आणि शेजारी एक वल्हं आडवं मावेल एवढी जागा मोकळी होती. मी पुनमला ओढत अंगणात आणलं आणि खालच्या आवाजात सगळं उलगडून सांगितलं. रेझिन ओलं असेल म्हणून मावशीनं मायेनं वल्हं वर वाळत घातलं. तेलाचे हात लागले. पातं मऊ पडलं. बिचारी घाबरून गप्प बसली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

खालचा आवाज मावशीला चांगलाच ऐकू गेला होता.

"जवाईबापू, माह्यानं दोन वर्सांपासून शिडी चढवत नाई. कुरड्या टाकाले शेजारची पोरगी येते. आन वल्हं म्हंजे का पापड हाय, उन्हात टाकाले?"

पुनम हसू दाबत होती. "अहो, पत्र्यावर ठेवलं असतं तं मऊ पात्यावर पत्र्याच्या लाटा उमटल्या असत्या. तशी एक बी लाट नाई. ते अधांतरी होतं. दांडा दोन जागी टेकलेला, पाती दोन्हीकून हवेत. आन तेल पाहा, चुकून लागलेलं नाई. कडा आन मान. नेमकं जिथून लाकूड पानी पेते तिथीच." मग ती मावशीकडे वळली. "मावशी, हे तेल तुले कोन देते?"

"हरिदास. हर्षाचा बाप. लाकडाची वल्ही करते ना तो, त्याले हे तेल लागतेच."

हरिदासभाऊंना गाठायला मी पाळीच्या दिशेनं निघालोच होतो. पुनमनं माझी बाही धरली.

"थांबा. दोन्ही पाती एकाच उन्हात होती तं एकच काऊन वाकलं? हे कळल्याबिगर मी कोनाच्या दारात उभी राह्यत नाई. मावशी, चहा टाक. कडक."

५

चहा आला तेव्हा पुनम शेडमधल्या कचऱ्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. प्रिंटर छापताना जे धागे, कडा, आधाराचे तुकडे उरतात, ते सगळे पांढरे तुकडे तिनं ओंजळभर काढले. चहाचं पातेलं तिनं टेबलावर ठेवलं आणि सगळे तुकडे त्यात टाकले.

मावशीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. एवढा आल्याचा चहा वाया गेला म्हणून मलाही वाईट वाटलं.

पुनमनं चिमट्यानं एकेक तुकडा बाहेर काढला. पहिला बोटानं वाकवला. वाकेना. दुसराही तसाच कडक. तिसरा चिमट्यातच लोंबला, शिजलेल्या शेवईसारखा. चौथा कडक. पाचवा लुळा. रंग सगळ्यांचा तोच, पांढरा. आम्ही तिघं पातेल्यात डोकं घालून बघत होतो. वर्गात इतकी वर्षं प्रयोग करून दाखवले, पण असा एकही जमला नव्हता.

"दोन प्रकारचं प्लास्टिक," मी म्हणालो.

"हाव. उजव्या पात्यात हेल्मेटवालं, डाव्यात मक्यावालं. काळी वस्तू आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात या चहाएवढी नाई, तरी मक्याचं प्लास्टिक हार मानन एवढी तं सहज तापते. गाभा बसला, तं वरचं कापडबी बसलं." पुनमनं मान वर केली. "प्रफुल, चांगलं रीळ कधी संपलं?"

प्रफुल दारात उभा होता. त्याचा चेहरा त्या पांढऱ्या तुकड्यांसारखा झाला होता.

"नवं रीळ तू काल चंद्रपूरहून आनलं, म्हंजे जुनं संपलं होतं. पयला गाभा झाल्यावरच ना?"

"दुसऱ्याच्या वक्ती," तो म्हणाला. "अर्ध्या रस्त्यात संपलं. मंग साध्या रिळावर पुरा गाभा नव्यानं छापला. निकेश नव्हता. वाटलं, वल्हं तं पान्यात राह्यन, पान्यात काय गरम होते? त्याले सांगतलं असतं तं तो थांबा म्हनला असता, आन दिवस कुठी होते? मंग सांगाचं राहूनच गेलं." तो खाली बसला. "ताई, मी त्याले फोनवर काय काय बोललो..."

"ते त्याले सांगजो. एकची बस हाय."

प्रफुल जो पळत सुटला, त्यानं चप्पलसुद्धा शोधली नाही. मी मागून ओरडून स्कूटरची चावी फेकली आणि ती त्यानं पळता पळता झेलली.

"म्हणजे दोष प्रफुलचा," मी म्हणालो. "संपलं?"

"गाभा प्रफुलचा. ऊन दुसऱ्याचं हाय. चला आता पाळीवर."

६

तलावाच्या पाळीखाली जांभळाच्या झाडाजवळ हरिदासभाऊंची लाकडी होडी काठावर ओढलेली होती. होडीच्या दोन्ही काठांवर आडवं एक नवं लाकडी वल्हं टेकवलेलं होतं. पाती दोन्ही बाजूंनी बाहेर, उन्हात, तेलानं चमकत होती. पुनमनं येताना सुतळीवर त्या काळ्या दांड्याच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर गाठ मारून घेतलं होतं. तिनं सुतळी होडीवर धरली. दोन्ही गाठी दोन्ही काठांवर अचूक बसल्या.

हरिदासभाऊ सावलीत उकिडवे बसले होते. त्यांनी सुतळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेजारी कुबडी टेकवून हर्षा बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"हरिदासभाऊ," पुनम हळूच म्हणाली, "नव्या वल्ह्याले तुमी काय करता?"

"तेल पाजतो, बाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "कडांले आन मानेले. मंग दिवसभर ऊन खाऊ घालतो. तेल आत मुरते. मंग वल्हं जलमभर पानी पेत नाई. माह्या बापानं शिकवलं."

"काल दुपारी?"

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोरगी परक्या मुलखात चालली. वल्हं या पोरांनी केलेलं, बापाचा हात त्याला कुठंच लागलेला नाही. निदान तेल तरी आपण पाजावं, म्हणून सगळे झोपले असताना त्यांनी कडी काढून ते आणलं. दिवस कलताना उचलायला गेले तर डावं पातं लोळागोळा. पहिल्यांदा त्यांना वाटलं आपल्या डोळ्यांनाच काही झालं. मग भीती भरली. फडक्यात गुंडाळून त्यांनी ते परत रॅकवर ठेवलं.

"बाबा." हर्षाचा आवाज बारीक झाला होता. "तुमी पयल्यापासून म्हनत होते, हे काळं नको, लाकडाचंच ने. तुमाले हे वल्हं नकोच होतं ना?"

मला कळलं की सकाळपासून हा माणूस इथं याच एका प्रश्नाला घाबरून बसला होता. निकेशवर आळ आला हे त्यांनी ऐकलं होतं, आणि तरी उठायचं धैर्य झालं नव्हतं. खरं सांगतो, त्यांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांची दया आली.

पुनम हर्षासमोर खाली मातीत बसली.

"हर्षा, त्या पात्याच्या खाली अंगठ्याचे खळगे हाय. मोठ्या अंगठ्याचे. चार-पाच, एका ओळीत. ते मी सकाळीच पाह्यले, आन तवाच मले समजलं की हे कोनं जानूनबुजून केलं नाई. मोडनारा मानूस मोडते आन जाते. हा मानूस मऊ पडलेलं पातं मांडीवर घेऊन, खालून दाब देऊन देऊन, सरळ करत बसला होता. चटके बसत असतानाबी." तिनं हरिदासभाऊंचा उजवा हात धरून उलटा केला. अंगठ्याच्या पेराला फोड होता. "हे पाह्य."

हर्षानं पाहिलं. मग तिनं तो हात पुनमच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. हरिदासभाऊ लहान पोरासारखे रडले, आणि आम्ही दोघं तलावाकडे तोंड करून उभे राहिलो.

"मी निकेशपाशी जातो," थोड्या वेळानं ते उठत म्हणाले. "त्याच्या पाया पडतो."

७

जायची गरज पडली नाही. पाळीवरून स्कूटर येत होती. प्रफुल चालवत होता, मागं निकेश, आणि दोघांच्या मधे बॅग. बस सुटली होती आणि प्रफुलनं ती गावाबाहेरच्या वळणावर आडवी स्कूटर घालून थांबवली होती, हे आम्हाला नंतर कंडक्टरनं रंगवून सांगितलं. दोघांत काय बोलणं झालं ते कोणालाच माहीत नाही. निकेशचे डोळे लाल होते आणि प्रफुलचा एक कान त्याहून लाल होता.

हरिदासभाऊ पुढं झाले आणि तेलाचं, उन्हाचं सगळं सांगून पाया पडायला वाकले. निकेशनं त्यांना मधेच धरलं.

"काका, आता पाया-बिया राहू द्या. प्रफुल, नवं रीळ लाव. माह्यासमोर लाव."

प्रिंटर संध्याकाळपासून चालला आणि मंगळवारी उजाडता उजाडता गाभा हातात आला, पांढरा आणि कडक. वाकलेलं पातं कापून मान मोकळी केली, तेल पुसून काढलं, आणि मग खरी घाई सुरू झाली. आमच्याकडच्या मे महिन्यात रेझिन कालवलं की ते वाटीतच घट्ट व्हायला लागतं. हिवाळ्यात जे काम निवांत गप्पा मारत होतं, ते इथं श्वास रोखून करावं लागतं. प्रफुल कापड धरत होता, निकेश भिजवून चढवत होता, मी उगाच पंखा कुठं ठेवू म्हणून विचारत होतो.

"कडेले दाब पायजे," निकेश एकाएकी म्हणाला. "गोलाईवर कापड उचलून राह्यलं. मले दोनच हात हाय. हरिदासकाका कुठी हायत?"

ते दाराबाहेरच उभे होते, आत यायचं धैर्य नव्हतं.

"काका, साबनानं हात धुवा. तेलाचा एक थेंब नको. मंग मोजे घाला आन इथी, कडेवर, अंगठ्यानं दाबत या. लाकडाची कड दाबता तशीच."

हरिदासभाऊंनी दोनदा हात धुतले. फोड आलेला अंगठा त्यांनी मोज्यात घातला तेव्हा चेहरा जरा आकसला, पण पुढं काही नाही. त्यांचा अंगठा काळ्या कापडावरून सरकत गेला आणि त्याच्यामागं कड चोख बसत गेली. निकेशनं वाटी खाली ठेवली तेव्हा तळाला उरलेलं रेझिन दगड झालं होतं. पात्यावर एक सुरकुती नव्हती. ते सावलीत टांगून ठेवलं, आणि दिवसभर आशामावशी शेडच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली, माझ्यासकट कोणाला आत जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर हर्षा होडीत बसली. अर्धा गाव पाळीवर होता. वल्हं तिनं हातात फिरवलं, डावं पातं पाण्यात घातलं, मग उजवं. होडी निघाली आणि पाणी तिच्यामागं एका सरळ रेषेत दुभंगत गेलं. निकेश आणि प्रफुल एकमेकांचं मनगट धरून उभे होते. पुनमच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, आणि माझी बायको गप्प आहे हे मी दोन दिवसांत दुसऱ्यांदा पाहत होतो.

हर्षा सरावाला उतरली की हरिदासभाऊ पाळीवरून तिच्या बरोबरीनं चालायचे, लहानपणापासून, ती बुडेल या भीतीनं. आजही निघाले. चालता चालता पाय उचलले, मग धोतर वर धरून पळायला लागले, बाभळीपर्यंत, देवळापर्यंत. तिथं ते थांबले. होडी त्यांना मागं टाकून तलावाच्या पलीकडच्या काठाकडे निघाली होती. कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, ते आमच्याकडे वळले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले की पोरगी आता आपल्या हाती लागत नाई.